‘साऊंडला प्रॉब्लेम आहे’ म्हणजे नेमकं काय?

‘साऊंडला प्रॉब्लेम आहे.’ गेल्या जून-जुलैत हे वाक्य मी निदान वीस जणांना ऐकवलं असेल. दुकानदाराला, कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलाला, दादाला, वर्गातल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ मित्राला, शेवटी शेजारच्या काकूंनासुद्धा. प्रत्येकाने काही ना काही उपाय सांगितला. प्रॉब्लेम म्हणजे काय, असं मात्र एकानेही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

मी मराठी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एखाद्या कवितेतल्या नादमाधुर्यावर मी दोन पानं सहज लिहिते. पण समोरच्या नव्या यंत्रातून येणारा आवाज कसा बिघडलाय, हे सांगायला माझ्याकडे एकच शब्द होता, ‘प्रॉब्लेम’. माझं म्हणणं एवढंच आहे, की बिघाडाला हात लावण्याआधी तो आपल्याला आपल्या भाषेत नीट सांगता आला पाहिजे. ते आपल्याला येत नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागते. वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात लॅपटॉप कशाला, असं काही जणांना वाटेल. म्हणून जे घडलं ते सगळंच सांगते.

लॅपटॉप बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला. घरात पहिलाच. आमच्याकडे आधी होता तो दादाच्या ऑफिसातून निवृत्त झालेला एक जुना डबा, सुरू व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ घेणारा. नवा लॅपटॉप बेळगावातल्या एका दुकानातून आणला, आईने त्याला हळदकुंकू लावलं, आणि पहिल्याच रविवारी मी तो घेऊन खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजीकडे गेले. मंडळाने यंदाच्या अंकासोबत ऐकायचा विभाग करायचं ठरवलं होतं. त्यासाठी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचं काम मी हौसेनं मागून घेतलं होतं.

आजीला नुसतं बसून ओव्या आठवत नाहीत. हात फिरला की तोंड फिरतं, असं ती म्हणते. म्हणून माळ्याखालचं जातं पुढं ओढलं, नाचणी घेतली, आणि ती दळायला बसली. ३८ मिनिटं ती गात होती. मध्ये एकदा पाणी प्यायली तेवढंच. मी ‘ऑडॅसिटी’ या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग करत होते. थांबवलं तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. मी ‘ओके’ दाबलं. इंग्रजी चौकट आली की न वाचता ‘ओके’ दाबायचं, ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे.

घरी येऊन ऐकलं तर आवाज ठेचकाळत होता. आजीचा एक शब्द यायचा, पुढचा अर्धा यायचा, मग टिक्, मग परत सूर. आधी वाटलं रेकॉर्डिंग खराब झालं. मग एक गाणं लावलं, तेही तसंच. लेक्चरचा व्हिडिओ लावला, तोही तसाच. नवा कोरा लॅपटॉप!

मग उपायांची मालिका सुरू झाली. दुकानदार म्हणाला, ‘नवीन आहे ना, आठ दिवस वापरा, सेट होईल.’ जणू ते नवं बूट होतं. मित्र म्हणाला, अँटिव्हायरस काढून टाक. दादा फोनवरून म्हणाला, फॉरमॅट मार. दुसरी मैत्रीण म्हणाली, तुझा हेडफोनच भंगार असेल. मी अँटिव्हायरस काढला, १,२०० रुपयांचा नवा हेडफोन घेतला, कुठल्या तरी व्हिडिओत बघून सेटिंगमधल्या चार गोष्टी बदलल्या. हे सगळं एकाच संध्याकाळी. दोन दिवस आवाज बरा वाटला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरा झाला तो कशामुळे, आणि परत बिघडला तो कशामुळे, हे सांगणं आता देवालाच शक्य होतं.

मग हेल्पलाइन. भाषेचा पर्याय हिंदी किंवा इंग्रजी. मी मनात मराठीत वाक्य जुळवलं, ‘आवाज तुटतोय’, आणि त्याचं इंग्रजी करून म्हणाले, ‘सर, साऊंड इज ब्रेकिंग.’ पलीकडून लगेच प्रश्न, ‘मॅडम, स्पीकर ब्रोकन है क्या? फिजिकल डॅमेज?’ मी घाबरून ‘नो नो’ म्हणाले, कारण पडून फुटलं तर वॉरंटी मिळत नाही एवढं मला ठाऊक होतं. मग तो म्हणाला, ‘तो फिर प्रॉब्लेम क्या है?’ मी म्हणाले, ‘साऊंड में प्रॉब्लेम है.’ दहा मिनिटं आम्ही असेच एकमेकांभोवती फिरलो. त्याने तक्रार नोंदवली ती ‘ग्राहकाला सामान्य मार्गदर्शन केले’ अशी. दुकानातून लॅपटॉप बदलून मिळण्याची मुदत सात दिवसांची होती. ती त्याच गडबडीत संपली.

त्या मुलाचा राग मला आला होता, आता येत नाही. त्याच्यापुढे दिवसाला शंभर माणसं ‘प्रॉब्लेम है’ म्हणत असतील. मी त्याला हातात धरायला काहीच दिलं नव्हतं.

वाट सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक सहायक आहेत. सगळेच त्यांना काका म्हणतात. जुने स्पीकर, माइक, प्रार्थनेच्या वेळचा ध्वनिक्षेपक, सगळं तेच सांभाळतात. त्यांना मी माझं नेहमीचं वाक्य ऐकवलं. ते लॅपटॉपकडे बघेनात. म्हणाले, ‘प्रॉब्लेम ठेव बाजूला. आवाज कसा येतोय ते सांग की. खरखरतोय? गुणगुणतोय? फाटतोय? का त-त-प-प करतोय?’

मी गप्प. ते हसले. ‘मराठी घेतलीस ना गं? मग? वही घे आणि जा. दोन दिवस नुसतं ऐक आणि लिही. हात लावायचा नाही कशाला.’

मित्रमैत्रिणींनो, शाळेत आपण व्याकरणात ‘अनुकरणवाचक शब्द’ शिकलो. खळखळ, सळसळ, कडकडाट, एवढी उदाहरणं लिहून गुण मिळवले आणि विसरलो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तो उघडून बघा, अशा शब्दांची रांगच रांग लागलेली दिसेल. एकेका आवाजाला आपल्या लोकांनी वेगळं नाव ठेवलंय, कारण त्यांना त्याची गरज होती. गाडीचा आस कुरकुरतो की खडखडतो, यावरून वंगण घालायचं की खीळ ठोकायची हे ठरत होतं. काकांकडे ही विद्या शाबूत आहे. त्या दोन दिवसांत आणि नंतर त्यांच्याशी बोलून मला जे समजलं ते इथं लिहून ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आवाज ‘घूं’ करून सतत गुणगुणत असेल तर तो विजेचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत तशीच होते, तीच गुणगुण आवाजात शिरते. चार्जर काढून बॅटरीवर ऐकायचं. गुणगुण थांबली तर घरातलं अर्थिंग किंवा चार्जर बघायचा, लॅपटॉप नाही.

‘खरखर’ येते आणि वायर हलवली की कमीजास्त होते, तर वायर किंवा तिचं भोक. स्पीकर ठरावीक खालच्या सुरालाच ‘थरथरतो’, तर आत काहीतरी सैल आहे. हा मात्र खरोखर दुकानात न्यायचा बिघाड.

आवाज फक्त मोठ्या जागी ‘फाटतो’ किंवा चिरकतो, तर रेकॉर्ड करताना पातळी जास्त ठेवली होती. ती कमी करून पुन्हा रेकॉर्ड करायचं. एकदा फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

‘डब्यातून बोलल्यासारखा’ येतो आणि ब्लूटूथ हेडफोन लावलेला आहे, तर बहुधा त्या हेडफोनचा माइक सुरू झालाय. माइक सुरू झाला की नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन फोनवरच्या बोलण्याच्या दर्जावर उतरतात. माइक लॅपटॉपचा निवडला की आवाज परत भरदार होतो.

ऑनलाइन व्हिडिओ ‘थांबतो’, गोल फिरत राहतं आणि मग राहिलेल्या शब्दापासून पुढं सुरू होतो, तर इंटरनेट मंद. काही गाळलं जात नाही, फक्त उशीर होतो.

गाणं किंचित चढ्या पट्टीत आणि घाईघाईनं येतंय, तर आकड्यांचा घोळ. सीडीवर एका सेकंदाचा आवाज ४४,१०० आकड्यांत साठवतात, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ४८,००० आकड्यांत. ४४,१०० च्या हिशोबानं साठवलेलं कुणी ४८,००० च्या वेगानं वाजवलं तर ते सुमारे नऊ टक्के भरभर जाणार.

आणि शेवटी माझा. ‘टिक्’ होऊन शब्दाचा तुकडा गळतो, किंवा एकच इवलासा तुकडा ‘त-त-त’ असा पुन्हा पुन्हा वाजतो, मग गाडी रुळावर. ऑनलाइन असो वा लॅपटॉपमध्ये साठवलेलं गाणं असो, स्पीकर असो वा हेडफोन, सगळीकडे सारखंच. वहीत हे वाक्य लिहिलं आणि काकांना दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, ‘आता बोललीस. हे स्पीकरचं नाही, इंटरनेटचं नाही. घास वेळेवर पोचत नाही.’

घास म्हणजे काय, ते मला आजीला समजावताना जास्त चांगलं कळलं. जातं एका लयीत फिरत असतं. एका हातानं खुंटा धरायचा, दुसऱ्या हातानं मूठभर वैरण तोंडात टाकत राहायची. वैरण वेळेवर पडली तर पीठ सारखं येतं. हात चुकला तर दगडावर दगड घासतो आणि कर्र वाजतं. लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप हे जातं. ती कुणासाठी थांबत नाही. प्रोसेसरने तिच्यापुढे आकड्यांची मूठ ठेवायची. विंडोजमध्ये ही मूठ साधारणपणे १० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाची असते. ४८,००० च्या हिशोबानं ४८० आकडे. पुढची मूठ तेवढ्या वेळात आली नाही, तर चिप गप्प बसते किंवा जुनीच मूठ परत दळते. गप्प बसली की ‘टिक्’, परत दळली की ‘त-त-त’.

मग इतका वेगवान नवा प्रोसेसर उशीर का करतो? कारण वेगवान असणं आणि वेळेवर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोसेसरला मधेच हाका मारणारे बरेच असतात. वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरीची देखरेख, या प्रत्येकाचा एक ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी बोलणारा छोटा प्रोग्राम. नीट लिहिलेला ड्रायव्हर दोन शब्द बोलून बाजूला होतो. वाईट लिहिलेला प्रोसेसरचा हात धरून ठेवतो, आणि तेवढ्यात वैरणीची वेळ निघून जाते. आपण बघत असलेल्या बाकी कामांत तो क्षणभराचा उशीर दिसतसुद्धा नाही. पान उघडायला थोडा जास्त वेळ लागला तर कुणाला कळतं? कानाला मात्र लगेच कळतं.

नवा लॅपटॉप म्हणजे निर्दोष, ही समजूतही यात गेली. नव्या लॅपटॉपवर पहिले काही दिवस अपडेट मागून अपडेट उतरत असतात. आतले काही ड्रायव्हर कारखान्यातून निघतानाचेच जुने असतात. त्यावर कंपनीचे आवाज ‘सुधारणारे’ प्रोग्राम आणि वीज वाचवण्याच्या युक्त्या. जुना डबा हळू चालायचा, पण त्याचं सगळं मुरलेलं होतं. त्यात आवाज कधी अडखळला नाही.

वहीत आता पानं भरू लागली. काकांचा नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल लिहायचा. माझी नोंद अशी होती. वायरवाला हेडफोन: अडखळतो. स्पीकर: अडखळतो. म्हणजे १,२०० रुपये पाण्यात. साठवलेली फाइल: अडखळते. चार्जर लावून: अडखळते. चार्जर काढून: थोडी जास्त. आवाजाच्या सेटिंगमधली ‘एन्हान्समेंट्स’ बंद: फरक नाही. विमानाचं चिन्ह दाबून वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद: २० मिनिटांत एकदाही नाही. फक्त ब्लूटूथ सुरू: नाही. फक्त वाय-फाय सुरू: तिसऱ्या मिनिटाला टिक्.

ती ओळ लिहिताना माझा हात खरंच थरथरला. पंधरा दिवस जे कुणाला सापडलं नाही ते माझ्या अक्षरात समोर होतं. काकांनी ‘लेटन्सीमॉन’ नावाचा एक मोफत प्रोग्राम लावायला सांगितला. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडकवतो ते तो मोजून दाखवतो. त्याच्या यादीतही सगळ्यात वर नेटवर्कशी संबंधित नाव. मग लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक बघून कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा वाय-फाय ड्रायव्हर उतरवला, बसवला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. टिक् थांबलं. बॅटरीवर असताना क्वचित एखादं यायचं, ते रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर लावून आणि पॉवर सेटिंग ‘परफॉर्मन्स’वर ठेवून गेलं. फॉरमॅट मारावा लागला नाही. एक रुपया लागला नाही.

इथं लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण आजीचं रेकॉर्डिंग राहिलं होतं.

आवाज ऐकवताना अडखळणं आणि आवाज साठवताना अडखळणं यात फार मोठा फरक आहे, आणि तो मला सगळ्यात उशिरा कळला. ऐकवताना घास चुकला तर फाइल शाबूत असते. यंत्र बरं झालं की आवाज बरा. पण साठवताना चुकला तर तो क्षण लिहिलाच जात नाही. ओळखायची खूण साधी आहे. तीच फाइल दोनदा ऐका, दुसऱ्या फोनवरही ऐका. दर वेळी वेगळ्या जागी अडखळली तर वाजवणाऱ्या यंत्राचा दोष. दर वेळी त्याच जागी अडखळली तर फाइलमध्येच भोक. ही तपासणी पहिल्या संध्याकाळी दोन मिनिटांत झाली असती. मी ती तीन आठवड्यांनी केली. बहुतेक अडखळणं गेलं. १७ जागा राहिल्या. फोनवर त्याच जागी, १७.

आणि मग मला ती चौकट आठवली. पुन्हा एकदा मुद्दाम तशी परिस्थिती करून बघितली, तेव्हा ती परत आली. तिच्यात सरळ लिहिलं होतं, की खूण केलेल्या जागी रेकॉर्ड होणारा आवाज हरवला आहे. म्हणजे आजीच्या ओट्यावर, जातं अजून गरम असताना, मला सांगितलं गेलं होतं. मी ‘ओके’ म्हणाले होते. गावात ओळखीचं वाय-फाय नसल्यानं लॅपटॉप ते सारखं शोधत राहिला असेल आणि म्हणून तिथं जास्त अडखळला असेल, असा काकांचा अंदाज आहे.

श्रावणाच्या आधी मी परत गावी गेले. आजीला जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. एका ठिकाणी सूर तुटला तशी ती म्हणाली, ‘हितं माझ्या थोरल्या बहिणीचं नाव हाय गं.’ ती बहीण जाऊन बरीच वर्षं झाली. मी कधी तिला पाहिलेलं नाही. आजीने ते नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. तशा पाच जागा तिनं सांगितल्या. बाकीच्या बारा तिला सांगता येईनात. मी म्हणाले, ‘आजी, परत म्हण की त्याच ओव्या.’ ती परत दळायला बसली, पण तिच्या तोंडून दुसऱ्याच ओव्या आल्या. काही त्याच होत्या, पण वेगळ्या वळणाच्या. मी आठवण करून दिली तर म्हणाली, ‘त्या दिवशी जे आलं ते त्या दिवशीचं, बाय. ववी काय पाठ केलेली असती व्हय?’

हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. पूर्वी मला ते काम म्हणजे नुसता आकडा वाटायचा. आता बारा भोकं पदरात पडल्यावर त्या प्रत्येक अखंड ओवीमागं कुणाची तरी जागरूक कानांची मेहनत आहे, हे कळतं.

आता या सगळ्यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. पहिला असा, की सगळ्यांनी काय मेकॅनिक व्हायचं? पैसे मोजले, वस्तू नीट चालवून देणं विकणाऱ्याचं काम. अगदी बरोबर. त्या दुकानदाराला मी माफ केलेलं नाही. ‘सेट होईल’ म्हणून त्याने माझे सात दिवस खाल्ले. सदोष वस्तूबद्दल दाद मागायचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्याला दिलाय, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. हे मला मुदत संपल्यावर कळलं. पण कुठंही जा, पहिला प्रश्न हाच येणार, की दोष काय? ‘अमुक तारखेपासून, साठवलेली फाइल वाजवताना, वाय-फाय सुरू असेल तरच, दर दोन-तीन मिनिटांनी आवाजाचा तुकडा गळतो; वाय-फाय बंद केल्यास गळत नाही.’ हे वाक्य माझ्याकडे पहिल्या आठवड्यात असतं, तर दुकानदाराला ‘सेट होईल’ म्हणणं जड गेलं असतं. नीट सांगितलेली तक्रार उडवून लावायला अवघड जाते. मेकॅनिक होऊ नका, चांगले साक्षीदार व्हा.

दुसरा आक्षेप आमच्याच मंडळातला. सगळे शब्द इंग्रजीच आहेत, ड्रायव्हर काय, बफर काय. मग मराठीचा आग्रह कशाला? ड्रायव्हर आणि बफर खुशाल राहू देत. ‘चालक’ म्हणून मी काही बसवाल्याला घेऊन येणार नाही. आपण बेळगावची माणसं, कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात कालवतो आणि कुणाचं काही अडत नाही. पण आपल्याला काय ऐकू आलं, ते आधी आपल्या मनातल्या भाषेत धड उमटलं पाहिजे. तिथंच ‘प्रॉब्लेम’ असेल तर पुढं कुठल्याही भाषेत प्रॉब्लेमच जाणार. ‘तुकडा गळतो’ हे मला आधी नेमकं सुचलं असतं, तर त्याचं हिंदी-इंग्रजी ‘ब्रेकिंग’पेक्षा नक्कीच बरं झालं असतं.

आणि हे लॅपटॉपपुरतं नाही. डॉक्टरांपुढं आपण ‘पोटाचा त्रास’ म्हणतो. मुरडा, कळ, जळजळ, गुबारा, ठणका, टोचणी हे शब्द आपल्या आज्यांकडे होते, आणि त्यांतला प्रत्येक वेगळं काही सांगतो. स्कूटर ‘आवाज करते’, मिक्सर ‘बिघडला’, प्रिंटर ‘चालत नाही’. आपण वाङ्मय मंडळाची मुलं. शब्द हीच आपली शेती म्हणतो, आणि वर्षातून एकदा भाषादिनाला मराठी समृद्ध आहे अशी भाषणं करतो. ती समृद्धी वापरायची वेळ आली की ‘प्रॉब्लेम आहे’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून मंडळापुढं माझी एक साधी सूचना आहे. आपल्या ई-अंकात दर वेळी एक पान ‘बिघाडवही’ म्हणून ठेवावं. कविता, कथा, समीक्षा यांच्या शेजारीच, मागच्या पानावर नाही. ज्याला जो बिघाड भेटला त्याने तो लिहावा. काय ऐकलं, काय दिसलं, काय बदललं, काय झालं. न सुटलेला बिघाडही चालेल. लेखनाचा याहून कडक सराव मला तीन वर्षांत मिळालेला नाही. तिथं एक शब्द सैल पडला की लगेच कळतं, कारण उपाय चुकतो.

आजीच्या नव्या ओव्या या अंकाच्या ऐकायच्या विभागात आहेत, ४४ मिनिटांच्या, अखंड. जुनं रेकॉर्डिंगही सोबत ठेवलंय, भोकांसकट. थोरल्या आजीचं नाव जिथं गळलंय तिथं मी ते खाली लिहिलंय. बाकीच्या बारा जागी नुसती वेळ लिहून ठेवली आहे, मिनिट आणि सेकंद. कुणाच्या आजीला त्या ओव्या येत असतील तर कळवा.